चिकगूंचे थेंब

टिओंग: थेंब टोकाला लोंबतोय, पण सुटत नाही. बघ, खाली फुगलाय आणि वर मान बारीक झालीय. अशा वेळी तोटीला हात लावायचा नाही. फ्लास्कचा काठ नुसता टेकवायचा. आला.

जेलियान: अर्धा थेंब.

टिओंग: अर्धाच. हे तुला शिकवायला मला अख्खं वर्ष लागलं होतं. ब्युरेटची तोटी उघडायचीस ती गुरं धुवायला निघाल्यासारखी.

जेलियान: आम्ही नदीकाठची माणसं, चिकगू. पाणी थेंबाने मोजायची सवय नव्हती.

टिओंग: स्वतः शिक्षिका झालीस, चिकगू झालीस, माझ्या शेजारच्या टेबलावर बसतेस, पोरं तुला चिकगू जेलियान म्हणून हाक मारतात, तरी मी तुझी चिकगूच.

जेलियान: मग काय म्हणू? टिओंगबाई? जीभच वळत नाही. ज्या बाईंनी तोटी उघडायला शिकवली, त्या मरेपर्यंत बाईच. फ्लास्क हलवा ना जरा.

टिओंग: हलवतेय. अजून नाही झालं.

जेलियान: नाही?

टिओंग: पांढऱ्या टाइलवर ठेवून बघितल्याशिवाय बोलायचं नाही. पहिला फिका गुलाबी, जो हलवल्यावरही टिकतो, तो शेवट. त्याच्या पुढचा प्रत्येक थेंब म्हणजे आपली चूक. हे बघ, पांढरंच आहे. एक घालते.

जेलियान: हं.

टिओंग: आणखी एक. आज गप्प का? एरवी साळुंकीसारखी चालू असतेस.

जेलियान: बघतेय.

टिओंग: आणखी एक. अजून एक. हा दर्शक पुन्हा जुना झालेला दिसतोय, रंग धरतच नाही. या वर्षी तीनदा नवा बनवला. दुकानदाराशीसुद्धा भांडले. हे आणखी दोन. हां, आला. आता आला गुलाबी. वाचन घे. डोळा पातळीत आण.

जेलियान: पंचवीस पूर्णांक दोन.

टिओंग: झालं? सराव परीक्षेच्या दिवशी माझं हेच आलं होतं. आधी दोनदा केलं, तेव्हाही हेच. तुझ्या हट्टाखातर आज पुन्हा केलं. आता तरी पटलं? चूक मुलांची आहे. तीन आठवड्यांवर खरी परीक्षा आलीय आणि वर्गाचा हात अजून कच्चा.

जेलियान: सगळ्या वर्गाचा नाही. बऱ्याच जणांचं तुमच्याशी तंतोतंत जुळलंय.

टिओंग: तेवढे तरी शिकले म्हणायचे.

जेलियान: आणि ज्यांचं जुळलं नाही, त्या सगळ्यांचं चोवीस नऊ. एकमेकांशी अगदी जुळतं.

टिओंग: एकमेकांचं बघून लिहिलं असेल.

जेलियान: लांब लांबच्या टेबलांवरून?

टिओंग: तुला काय म्हणायचंय ते सरळ म्हण.

जेलियान: तुम्ही अर्धा थेंब घातलात ना, त्याच वेळी गुलाबी झालं होतं. मी ब्युरेटकडे बघून घेतलं. चोवीस नऊ.

टिओंग: क्षणभर दिसतं आणि जातं. हवेतला कार्बन डायऑक्साइड खातो त्याला.

जेलियान: गेलं नाही. टिकलं होतं. तुम्ही त्याच्यावर आणखी घालत राहिलात. आत्ता हे लग्नातल्या गुलाबाच्या सरबतासारखं झालंय, चिकगू.

टिओंग: काहीतरीच. फिका आहे. तुझे डोळे तरुण आहेत, त्यांना सगळंच भडक दिसतं.

जेलियान: बरं.

टिओंग: बरं म्हणू नकोस. 'बरं' म्हणून तू वाद सोडून देतेस, हे मला तुझ्या पंधराव्या वर्षापासून माहीत आहे. आणि दारात कोण उभं आहे?

जेलियान: सुलाऊ. मीच बोलावलंय तिला. ये गं आत.

सुलाऊ: नमस्कार, चिकगू. नमस्कार, चिकगू.

टिओंग: एकदा म्हटलं तरी दोघींना पोचतं. काय, फलकावरचे गुण बघितलेस?

सुलाऊ: बघितले.

टिओंग: मग? रडायला आलीस की भांडायला?

सुलाऊ: काहीच नाही, चिकगू. गुण राहू देत. फक्त तो शेरा खोडाल का?

टिओंग: कुठला शेरा?

सुलाऊ: माझ्या उत्तरपत्रिकेवर तुम्ही लिहिलंय. 'पाहिलं नाही, पुस्तकातून लिहिलं.'

टिओंग: कारण तसंच केलंस. तुला कुठल्या अक्षराची बाटली आली होती?

सुलाऊ: त. मला धन आयन ओळखायचा होता. मी तांबं लिहिलं.

टिओंग: आणि मी तुझी परीक्षानळी हातात घेऊन पाहिली होती. कॉस्टिक सोडा घातल्यावर खाली बसलेला साका मळकट हिरवा होता. हिरवा साका म्हणजे लोह. तांब्याचा निळा असतो. वर आणखी तू लिहिलंस की अमोनिया जास्त घातल्यावर गर्द निळं द्रावण झालं. हे वाक्य पुस्तकात जसंच्या तसं आहे.

सुलाऊ: निळा होता, चिकगू.

टिओंग: मी नळी खिडकीकडे धरून पाहिली.

सुलाऊ: होय, चिकगू. तुम्ही पाहिलीत. पण निळा होता.

टिओंग: पुन्हा तेच.

सुलाऊ: माझी आई विचारते, शेरा का आला. मी सांगते की मी पाहिलं होतं. ती म्हणते, मग बाई खोटं का लिहितील? आता मी काय सांगू?

जेलियान: चिकगू, त अक्षराची बाटली कपाटात आहे. दोन मिनिटं लागतील.

टिओंग: कर. नळी विसळून घे. पाणी शुद्ध घे, नळाचं नको.

सुलाऊ: होय, चिकगू.

टिओंग: जेलियान, तू मला त्यात काय आहे ते सांगू नकोस.

जेलियान: सहा वर्षांत कधी सांगितलंय का? तुमचाच नियम. तपासणाऱ्याला आधी कळलं, तर तो बघायचं सोडून देतो.

टिओंग: नियम चांगला आहे.

जेलियान: चांगलाच आहे.

सुलाऊ: कॉस्टिक घातला, चिकगू.

टिओंग: दे इकडे. साका आलाय. भरपूर आलाय. हा हिरवा आहे. मळकट हिरवा. सुलाऊ, तुला हा निळा दिसतो?

सुलाऊ: होय, चिकगू.

टिओंग: जेलियान?

जेलियान: निळा.

टिओंग: कसला निळा?

जेलियान: शाळेच्या फ्रॉकसारखा. धुऊन धुऊन फिकटलेल्या.

टिओंग: दुसरी नळी घे. अमोनिया. थेंबाथेंबाने. साका येऊ दे.

सुलाऊ: आला.

टिओंग: आता घालत राहा. हलव. आणखी घाल. माझ्याकडे दे.

सुलाऊ: सांभाळून, चिकगू, वास तीव्र आहे.

टिओंग: तीस वर्षं घेतेय तो वास. थांबा, दोघी बोलू नका. साका कमी होतोय. आता तळाशी काही नाही. आरपार दिसतंय. विरघळला.

जेलियान: हो.

टिओंग: रंग मला कळत नाहीये. काळसर काहीतरी आहे. पण विरघळला हे दिसतंय. आणि लोहाचा साका अमोनियात विरघळत नाही. कितीही घाला, नाही विरघळत.

सुलाऊ: नाही, चिकगू.

टिओंग: म्हणजे तांबं. तू बरोबर होतीस, सुलाऊ. तू पाहिलं होतंस.

सुलाऊ: होय, चिकगू.

टिओंग: जेलियान, मी तपासल्यावर तुला यादीशी ताडून बघायला सांगितलं होतं.

जेलियान: बघितलं होतं. यादीत तांबंच होतं.

टिओंग: मग?

जेलियान: तुमच्या लाल शाईवर माझी शाई चालली नाही, चिकगू. तीन दिवस उत्तरपत्रिका घेऊन फिरले.

टिओंग: हं. सुलाऊ, तुझं टायट्रेशनचं वाचन किती होतं?

सुलाऊ: चोवीस नऊ.

टिओंग: तुझ्या शेजारच्या मुलीचं पंचवीस दोन आहे. बाटल्या सारख्या, आम्ल सारखं. तिचं माझ्याशी जुळलं, तुझं नाही. असं का?

सुलाऊ: मी ते थेंब घातले नाहीत.

टिओंग: कुठले थेंब?

सुलाऊ: काही नाही, चिकगू.

जेलियान: सांग गं. कोणी रागावणार नाही.

सुलाऊ: ते रागावतील. वर्गातले.

टिओंग: सुलाऊ.

सुलाऊ: सगळे म्हणतात, गुलाबी झालं की थांबायचं नाही. मग चिकगूंचे थेंब घालायचे.

टिओंग: माझे थेंब?

सुलाऊ: पाच किंवा सहा. नीट मोजून. म्हणजे तुमच्याशी जुळतं आणि पूर्ण गुण मिळतात.

टिओंग: हे कोणी शोधून काढलं?

सुलाऊ: आम्हाला वरच्या वर्गातल्या मुलींनी सांगितलं. त्या परीक्षा देऊन गेल्या ना, जाताना सांगून गेल्या. आधी त्या तीन घालायच्या. म्हणाल्या, आता पाच लागतात.

टिओंग: आता पाच लागतात.

सुलाऊ: टिंगल नाही करत, चिकगू. खरंच नाही. सगळ्यांना वाटतं की ते शास्त्रच आहे. की गुलाबी दिसल्यावर तेवढे घालायचेच असतात.

टिओंग: आणि तू का नाही घातलेस?

सुलाऊ: तुम्ही पहिल्या तासाला म्हणाला होतात, जे दिसतं तिथे थांबायचं. मला तिथेच दिसलं.

टिओंग: घरी कशी जातेस?

सुलाऊ: बसने. पाऊण तास लागतो.

टिओंग: मग नीघ, सुटेल. शेरा मी खोडणार आहे. कागदावर नाही, उद्या वर्गात, सगळ्यांसमोर. आईला सांग, बाईंनी खोटं लिहिलं नव्हतं, पण चुकीचं लिहिलं होतं. सांगशील नीट?

सुलाऊ: सांगेन. नळ्या धुऊन जाऊ?

टिओंग: राहू दे. मी धुते.

(सुलाऊ जाते. टिओंग नळ्या विसळायला घेते.)

टिओंग: बोल आता.

जेलियान: काय बोलू?

टिओंग: तुला कधीपासून माहीत आहे?

जेलियान: कोम्पिया पाव आणलेत. तिळाचे, गरम आहेत. आधी खाऊन घेऊ या का?

टिओंग: जेलियान.

जेलियान: आईने मिरी पाठवली होती तेव्हापासून शंका होती. आमच्या मळ्यातली पांढरी मिरी. तुम्ही म्हणालात, या वेळची पिवळी पडलीय, आईला सांग नीट वाळवत जा.

टिओंग: पडली होती पिवळी.

जेलियान: नव्हती. आई आठवडाभर धुसफुसत होती. चाळीस वर्षं मिरी वाळवतेय, म्हणाली, तुझ्या बाईंना बाजारातली काळी दे.

टिओंग: मग खात्री कधी झाली?

जेलियान: ते नाही सांगितलं तर चालेल का?

टिओंग: नाही.

जेलियान: चिकगू लाऊंच्या आई गेल्या तेव्हा. आपण शाळेतले सगळे रात्री मांडवात बसायला गेलो होतो. तुम्ही नवा ब्लाऊज घातला होतात.

टिओंग: पांढरा. मुद्दाम त्यासाठीच घेतला होता. जुना मला पिवळट वाटायला लागला होता.

जेलियान: तो पांढरा नव्हता, चिकगू.

टिओंग: काय होता?

जेलियान: फिका गुलाबी. अगदी फिका. त्या फ्लास्कमध्ये थांबायला हवं होतं ना, तसा.

टिओंग: मयताच्या मांडवात? मी गुलाबी घालून? शवपेटीजवळ पहिल्या रांगेत बसले होते मी.

जेलियान: हो.

टिओंग: दुकानदारीण काही बोलली नाही.

जेलियान: तिला काय माहीत, कुठे घालणार ते.

टिओंग: आणि तिथे कोणीच काही बोललं नाही. सगळे शेंगा सोलत बसले होते. चहा आणून दिला मला.

जेलियान: तुम्हाला कोण बोलणार? त्या मांडवातले निम्मे तुमच्या हाताखालून गेलेत. लाऊंच्या बायकोने मला स्वयंपाकघरात ओढून विचारलं, बाईंचं आमच्या सासूबाईंशी काही वाकडं होतं का?

टिओंग: तू काय सांगितलंस?

जेलियान: म्हटलं, धुण्यात रंग लागला असेल.

टिओंग: म्हणून ती बाजारात मला बघून वळते. मला वाटायचं, तिलाच दिसत नाही.

जेलियान: हसताय?

टिओंग: मग काय करू? तुला गंमत सांगते. मला कधी वाटलंच नाही की मला कमी दिसतंय. कागद पिवळट येतात, वाटलं शाळेने स्वस्तातले आणले. टाइल मळकी, वाटलं मुलं नीट पुसत नाहीत. दर्शक खराब, ट्यूबलाइट मंद, मिरी पिवळी. जगातली प्रत्येक वस्तू मी तपासली. एक सोडून.

जेलियान: तपासली नव्हती?

टिओंग: तपासली होती.

जेलियान: कधी?

टिओंग: दोन वर्षांपूर्वीच्या सुट्टीत. सिबूला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून. मोतीबिंदू निघाला. तो म्हणाला, भिंग तपकिरी होत चाललंय, निळा आणि जांभळा आधी जातात. मी म्हटलं, मला तर सगळे रंग दिसतात. तो म्हणाला, सगळ्यांना असंच वाटतं.

जेलियान: आणि तुम्ही कोणालाच बोलला नाहीत?

टिओंग: तारीख घेतली होती. दोनदा. दोन्ही वेळा सकाळी उठून बॅग भरली आणि दोन्ही वेळा बॅग रिकामी करून शाळेत आले. एकदा तर मला बघून तू विचारलंस, रजा होती ना तुमची?

जेलियान: आठवतंय. म्हणालात, रद्द झालं लग्न.

टिओंग: काहीतरी सांगायला हवं होतं.

जेलियान: मोतीबिंदू तर आमच्या गावच्या सामाईक लांबघरातल्या म्हाताऱ्यासुद्धा काढून येतात हो. दुपारी जातात, संध्याकाळी कोंबड्यांना दाणे टाकतात.

टिओंग: त्यांना दोन डोळे असतात.

जेलियान: म्हणजे?

टिओंग: डावा मला नावालाच आहे. लहानपणापासून. त्याच्यातून उजेड-अंधार कळतो, बोटं मोजता येत नाहीत. शाळेत कोणाला माहीत नाही, म्हणून मी नेहमी खिडकीच्या बाजूला बसते. सगळं काम उजव्याने केलंय. प्रत्येक ब्युरेट, प्रत्येक उत्तरपत्रिका.

जेलियान: अरे देवा. चिकगू.

टिओंग: आणि माझ्या आईने काढून घेतला होता मोतीबिंदू. जखमेत पू झाला. तो डोळा गेला. दुसरा आधीच गेलेला होता. शेवटची वर्षं ती मला मनगटावरून ओळखायची. हात धरायची, मनगट चाचपायची, मग नाव घ्यायची.

जेलियान: तो काळ वेगळा होता.

टिओंग: डॉक्टरही हेच म्हणाला. आता हजारात एखाद्यालाच होतं. पण मी शास्त्राची बाई आहे, हजारात एक म्हणजे काय ते मला कळतं. हजार डोळ्यांसाठी तो आकडा फार चांगला आहे. माझ्याकडे हजार नाहीत. टायट्रेशन तीनदा करता येतं, जेलियान. हे एकदाच.

जेलियान: मी तुम्हाला ऑपरेशन करा म्हणून सांगायला आले नव्हते. मला हे काहीच माहीत नव्हतं. मी फक्त विचारणार होते की खऱ्या परीक्षेच्या दिवशी शिक्षकाचं वाचन मी घेऊ का. सगळ्या मुलांचं मोजमाप त्या एका आकड्याशी होतं. सही तुमची राहू दे. कोणाला कळणार नाही.

टिओंग: तू बघायचं आणि मी बोलायचं.

जेलियान: हो. निवृत्तीपर्यंत सहज निभेल. मी शेजारीच असते.

टिओंग: हे मी स्वतःलाही सांगून बघितलं होतं. तुझं नाव घालून. एक महिना फार बरं वाटलं.

जेलियान: मग?

टिओंग: मग काय, तू तरी काय केलंस? तीन दिवस उत्तरपत्रिका घेऊन फिरलीस. तू रागावू नकोस. तू एकटी नाहीस. वर्गात मी हिरवा म्हटलं की हिरवा होतो. त्या पोरांनी डोळ्यांनी गुलाबी बघितलं आणि माझ्यासाठी वर पाच थेंब घातले. शास्त्र समजून घातले. मी त्यांना एवढी वर्षं काय शिकवलं? बघायला की माझ्याशी जुळवायला?

जेलियान: सुलाऊने नाही जुळवलं.

टिओंग: आणि तिला मी शेरा दिला.

जेलियान: चहा करू?

टिओंग: नको. तू मुलांना चुकांचे दोन प्रकार शिकवतेस ना?

जेलियान: शिकवते. एक इकडेतिकडे जाते. कधी जास्त, कधी कमी. पुन्हा पुन्हा मोजून सरासरी काढली की निघून जाते.

टिओंग: आणि दुसरी?

जेलियान: दुसरी नेहमी एकाच बाजूला. कितीही वेळा मोजा, तेवढीच येते. म्हणून ती बरोबर वाटते.

टिओंग: पंचवीस दोन, पंचवीस दोन, पंचवीस दोन. मला त्या आकड्याचा अभिमान वाटत होता, जेलियान. मघाशीसुद्धा, तुला दाखवताना.

जेलियान: तुमचा हात अजूनही आमच्यातल्या कोणापेक्षाही स्थिर आहे.

टिओंग: हो. चुकीच्या जागी स्थिर.

जेलियान: असं बोलू नका हो.

टिओंग: मी राजीनामा दिला तर? वेळेआधी निवृत्ती घेते. घरी बसते. रस्ता दिसतो, तांदूळ निवडता येतात, चर्चमधलं मोठ्या अक्षरांचं पुस्तक वाचता येतं. हा एवढा डोळा मला जन्मभर पुरेल.

जेलियान: पुरेल?

टिओंग: तू काय वाक्याच्या शेवटी नुसता प्रश्न लावतेस?

जेलियान: तुमच्याकडूनच शिकले. डॉक्टर काय म्हणाला, थांबलं तर काय होतं?

टिओंग: मोती पिकतो.

जेलियान: आणि पिकल्यावर?

टिओंग: कडक होतो. काढणं अवघड जातं. तेव्हा हजारात एक राहत नाही, आणखी वाढतो. त्याने कागदावर आकडे काढून दाखवले होते. मी घडी घालून पर्समध्ये ठेवले आणि नंतर पर्स बदलली.

जेलियान: म्हणजे न करणं म्हणजे आहे तिथे थांबणं नाही.

टिओंग: नाही. मला वाटत होतं, मी तोटी बंद करून उभी आहे. ती गळतच होती.

जेलियान: घरी कोण असतं तुमच्याजवळ?

टिओंग: तुला माहीत आहे की. मांजर.

जेलियान: मग पहिले काही दिवस मी येते राहायला. आईलाही बोलावते. तेवढ्यात मिरीचं भांडण पण मिटवून टाका.

टिओंग: तुझी आई मला माफ करेल?

जेलियान: तिला तिची पांढरी मिरी पांढरी दिसली म्हणून सांगा. बास. बाकीचं तिला काही नको.

टिओंग: आणि दिसली नाही तर? सगळंच गेलं तर?

जेलियान: मला माहीत नाही, चिकगू.

टिओंग: बरं केलंस, माहीत नाही म्हणालीस ते. खोटं बोलली असतीस तर उठून गेले असते.

जेलियान: माहीत आहे.

टिओंग: परीक्षेचं वाचन तू घे. सही पण तुझीच. हेडबाईंना मी उद्या सकाळी सांगते. आणि सराव परीक्षेचे गुण आपण पुन्हा लावू. ज्यांनी माझे थेंब घातले, त्यांचे कापू नकोस. त्यांना फक्त सांगायचं की इथे थांबा. ते मी सांगेन. मला सांगावं लागेल, नाहीतर खऱ्या परीक्षेतही पोरं घालतील.

जेलियान: ठीक आहे.

टिओंग: माझा फोन त्या ड्रॉवरमध्ये आहे. सिबूचा दवाखाना म्हणून नंबर असेल. अक्षरं बारीक आहेत, तू लाव.

जेलियान: आत्ता?

टिओंग: पाच वाजता बंद होतो. उद्या सकाळी मी पुन्हा बॅग रिकामी करेन, मी ओळखते मला.

जेलियान: मी बोलू का?

टिओंग: नाही. तू नुसता लाव. वाजतोय? दे इकडे. हॅलो? मी सरिकेईहून बोलतेय, टिओंग म्वी एंग. हो, तीच. दोनदा तारीख घेऊन न आलेली. डॉक्टरांना सांगा, खोकला झालाय म्हणून कळवलं होतं, ते खोटं होतं. उजवा. नाही, डावा नाही, डाव्याने मला दिसत नाही. हो, लिहून घ्या, एकच आहे. सोबत कोण म्हणजे? माझी विद्यार्थिनी येईल. पुढच्या महिन्यात नको, त्याआधी बघा. परीक्षेच्या दिवशी मी नसले तरी चालेल, तिथे माणूस आहे. हो, गुरुवार चालेल. ऐकतेय मी. हो, तेही समजलं, डॉक्टरांनी मागेच सगळं सांगितलं होतं, काय काय होऊ शकतं ते. मला माहीत आहे. तरीही करायचंय.